मेरेरिडचं वजन

इडवल प्रॉसर यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं वर असायचा. जवळजवळ पन्नास वर्षं त्या हातावर पक्षी घेऊन चाललेला माणूस. पक्षी उतरला तरी हात उतरत नसे. चॅपेलमध्ये भजनाला उभे राहिले की सगळ्यांचे हात पुस्तकाला, यांचं डावं कोपर मात्र कमरेशी दुमडलेलं आणि मूठ पुढे. बायकोला, टेगवेनला, मातीत ठेवलं त्या दिवशीही मी ते पाहिलं. भर पावसात उघड्या डोक्याने, मूठ पुढे करून उभे होते.

आमच्या हेलिगच्या खोऱ्यात आडनावं थोडी, म्हणून माणसाला त्याच्या कामाने हाक मारतात. त्यांना सगळे इडवल हेबोग म्हणत. हेबोग म्हणजे ससाणा. मी डिलिस चहा. प्लासच्या चहाघरात मी नऊ वर्षं होते, आणि त्यानंतर अकरा वर्षं इडवलच्या हाताखाली पक्ष्यांकडे, तरी चहा काही सुटला नाही.

प्लास कुमहेलिग हे आमच्या जमीनदारांचं घर. तीनशे वर्षांचं, काळ्या दगडाचं, बाराही महिने ओल धरलेलं. खाली नदी, वर पाटीच्या दगडाची खाण. इडवलचे वडील त्या खाणीत होते आणि पंधराव्या वर्षी इडवलही तिथेच गेले. बावीस वर्षांचे असताना खाण बंद पडली. वडिलांच्या छातीत दगडाची धूळ राहिली आणि मुलाच्या हातात काही राहिलं नाही. मग प्लासच्या रानराख्याने त्यांना हाताखाली घेतलं. शिकारीसाठी पाळलेल्या तितरांची पिल्लं ससाणे नेत, म्हणून खांबांवर सापळे लावायचे आणि मेलेले ससाणे कुंपणाच्या तारेला ओळीने टांगायचे, हे काम. चार महिने त्यांनी ते केलं. पाचव्या महिन्यात सापळ्यात खरुचीची, म्हणजे छोट्या ससाण्याची, एक मादी जिवंत सापडली, एक बोट तुटलेली. ती त्यांनी कोटाच्या आत घातली आणि घरी नेली.

ही गोष्ट प्लासच्या मालकीणबाईंच्या, मिसेस वॉन यांच्या, कानावर गेली. आता हाकलणार, असं सगळ्यांना वाटलं. बाईंनी बोलावून विचारलं, "ती तुझ्या हातावर येऊन बसते का?"

इडवल म्हणाले, "भूक असली तर येते, बाईसाहेब."

"मग माझी माणसं आणि ती सारखीच," बाई म्हणाल्या, आणि त्यांना जुना तबेला देऊन टाकला.

त्या तबेल्यात त्यांचं आयुष्य गेलं. छप्पर गळायला लागलं आणि मिसेस वॉन यांनी प्लास पाहुण्यांसाठी उघडला, तेव्हापासून लोक लांबून लांबून यायचे. तासभर हातमोजा घालायचा, पक्षी हातावर घ्यायचा, फोटो काढायचा, चहा प्यायचा आणि जायचं. इडवलना हे आवडायचं असं नाही, पण त्यांनी कधी कुणाला अर्धा तास दिला नाही. पुरा तास द्यायचे, पाऊस असो की काही असो.

एकदा बर्मिंगहॅमहून एक धिप्पाड गृहस्थ आले होते, दाराएवढे. गव्हाणी घुबड, आमची शानी, त्यांच्या हातावर यायची होती, आणि हे मोजा घातलेला हात पाठीमागे नेत होते.

"चावेल का हो?"

"तुम्ही उंदीर आहात का?" इडवलनी विचारलं.

"नाही."

"मग तिला तुमच्यात काही रस नाही. घरी बायको घेत असेल, तेवढाच."

सगळ्यात मोठ्याने हसली ती त्यांची बायकोच.

हसणं संपलं की इडवल एक गोष्ट न चुकता सांगत, आणि ती सांगताना हसत नसत. ससाणा माणसाला जीव लावत नाही. कुत्रा लावतो, घोडा लावतो, ससाणा नाही. तो परत येतो तो वजनामुळे. रोज सकाळी पक्षी तराजूवर ठेवायचा. तराजूच्या एका बाजूला पारड्याच्या जागी लाकडी बैठक असते, तिच्यावर पक्षी गुमान बसतो. वजन बरोबर असलं तर तो उडेल, शिकार करील आणि तुमच्याकडे येईल. दोन-तीन औंस जास्त झालं तर झाडावर बसून तुमच्याकडे बघेल, कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे सावकार बघतो तसा, आणि मग जाईल. कमी झालं तर पंखात बळ राहणार नाही, नुसता अंगाशी येऊन ओरडेल. "सगळी विद्या ती एवढ्यात," असं म्हणून ते अंगठा आणि बोट यांच्यात तिळाएवढी जागा दाखवत.

मेरेरिडचं वजन होतं दोन पौंड एक औंस.

मेरेरिड म्हणजे मोती. बहिरी ससाण्याची मादी, पाठ ओल्या पाटीच्या रंगाची, छातीवर बारीक आडव्या रेघा. प्लासवरच अंड्यातून निघालेली, इडवलच्या हातची. आठ वर्षांची होती. बाकीचे पक्षी पाहुण्यांचे, मेरेरिड इडवलची. पाहुणे गेले की ते तिला माळावर नेत आणि तिथे ती खरीखुरी शिकार करी. वरून पडायची तेव्हा असा आवाज होई, की कुणी नवं जाड कापड टरकन फाडतंय. मी तो सात-आठ वर्षं ऐकला आणि दर वेळी माझी मान आपोआप खाली गेली.

मिसेस वॉन गेल्या. वारसांनी प्लास काही मंडळींना चालवायला दिला. लग्नं लावायची, मेजवान्या द्यायच्या, असा त्यांचा बेत. त्यांचे कारभारी मिस्टर ऑल्डरिज सप्टेंबरात आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी इडवलना खुर्ची दिली, मला खुर्ची दिली, आणि ऑक्टोबरअखेर पक्षी बंद, असं सांगितलं. मला चहाघरात परत घेणार होते. इडवल एकाहत्तर वर्षांचे, त्यांना कुठे घेणार? शानी आणि दोन गरुडघारी शेजारच्या खोऱ्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडे जाणार होत्या. मेरेरिड सगळ्यात मोलाची. ती दक्षिणेकडे समुद्राकाठच्या एका पक्षीबागेत जाणार होती.

"ती मी घेतो," इडवल म्हणाले.

"ती प्लासची मालमत्ता आहे, मिस्टर प्रॉसर. आणि तुमचं घर मी पाहिलंय. मागचं अंगण केवढं आहे?"

 इडवलच्या मागच्या अंगणात एक खाट मावेल. ओळीतली घरं, दोन्हीकडे भिंती, वर शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर.

"तिकडे उडवतात का तिला?" इडवलनी विचारलं.

"तिकडे लोक येऊन पाहतात," ऑल्डरिज म्हणाले. "अगदी जवळून. चांगली हिरवळ आहे."

म्हणजे पायात वादी बांधून दिवसभर ठोकळ्यावर बसवणार. आम्हा दोघांनाही ते कळलं.

पुढे इडवलनी जे ठरवलं ते तेव्हा एकाच माणसाला माहीत होतं, मायरिग खाटकाला. मला ते नंतर समजलं. पण तुम्हाला मी आत्ताच सांगते, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. इडवलनी ठरवलं होतं, की मेरेरिडला जाऊ द्यायचं. कायद्यात ते बसत नव्हतं, ती त्यांची नव्हतीच. पण शेवटच्या शनिवारी, पाहुण्यांच्या देखत ती उडून गेली, तर कोण काय म्हणणार? पक्षी जातात. आणि तिला जायला जागाही होती. बंद खाणीच्या कड्यात एक रानटी नर राहत होता. त्याची मादी वसंतात विजेच्या तारेखाली मरून पडलेली आम्हीच पाहिली होती. तो एकटा रोज कड्यावरून ओरडायचा, आणि मेरेरिड हातावर बसून मान तिकडे वळवायची.

फक्त तिला भूक असता कामा नये. ती दोन पौंड चार औंसांवर न्यायची होती. पोट भरलेला, अंगावर चरबी धरलेला पक्षी सहा-सात दिवस कुणाची पर्वा करत नाही, आणि तेवढ्या दिवसांत तो रानाचा होऊन जातो.

म्हणून ते चरबीदार लावे पक्षी घ्यायला मायरिगकडे गेले. मायरिगने मला नंतर सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"लावे? बारा? घरी कोण जेवायला येतंय इडवल, चॅपेलची सगळी पंच मंडळी?"

"एक बाई आहे."

"बाई! अहो, टेगवेनला जाऊन सहा वर्षं झाली नाहीत अजून!"

"तिला जाड करायचीय."

"मग लावे कशाला, माझ्या बायकोकडे पाठवा. तिच्या हातचं खाऊन मी काय झालोय बघा."

इडवल हसले नाहीत. मग मायरिगनेही सुरी खाली ठेवली आणि ऐकून घेतलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. इडवल चारच्या बसने घरी जात. संध्याकाळचं खाणं ते डब्यांत काढून ठेवत, आणि साडेपाचला मी ते ज्याचं त्याला देऊन तबेला बंद करी. मेरेरिडच्या डब्यात नेहमी कोंबडीची दोन मेलेली पिल्लं असायची. त्या आठवड्यात एकाएकी लावे दिसायला लागले. आज एक, उद्या दोन. लावा म्हणजे चरबीचं मांस.

चौथ्या दिवशी तिला ठोकळ्यावरून उचलताना माझं बोट तिच्या छातीच्या हाडावर गेलं. ते हाड हाताला सुरीच्या पाठीसारखं लागायला हवं. ते लागेना. मी भिंतीवरची पाटी पाहिली. सकाळी इडवलनी खडूने लिहिलेलं होतं: दोन पौंड एक. मी तिला तराजूवर ठेवलं. दोन पौंड तीन.

मी तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसले. माझ्या मनात आलं ते एवढंच, की इडवलचे डोळे गेले.

आणि तसं वाटायला कारणं होती. गेल्या महिन्याभरात त्यांनी दोनदा चहा कपाबाहेर ओतला होता. चॅपेलमध्ये ते भलत्याच पानावरचं भजन म्हणत होते. माणूस पन्नास वर्षं ज्या काट्यावर जगला तो काटाच त्याला दिसेनासा झाला, आणि तो हे कुणाला सांगत नाही, असं मी धरून चालले. आता शेवटच्या शनिवारी काय होणार ते मला लख्ख दिसत होतं. ऑल्डरिज बघायला येणार होते. जड झालेली मेरेरिड उडणार, झाडावर बसणार आणि जाणार. सगळ्या खोऱ्यात बोलणं होणार, की इडवल हेबोगनी शेवटच्या दिवशी आपला पक्षी घालवला.

ते मी होऊ देणार नव्हते. त्यांना विचारावं असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, की तुम्हाला दिसत नाही? आमच्याकडे असं म्हणत नाहीत. आमच्याकडे गुपचूप सावरून घेतात.

मी डब्यातला एक लावा मेरेरिडला घातला आणि एक शानीला.

असे बारा दिवस गेले. सकाळी इडवल तिला तोलत, आणि पाटीवर दोन पौंड एक लिहीत. आता मला माहीत आहे की ते खोटं लिहीत होते, ऑल्डरिजना दिसावं म्हणून. खरा आकडा ते मनात ठेवत, आणि तो वाढायला हवा तर उतरत होता. म्हणून ते संध्याकाळचा डबा आणखी भरत. डबा भरलेला दिसला की मी आणखी काढून घेई. एकाच पक्ष्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसलो होतो आणि ओढत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

"थंडी खातेय," एका सकाळी ते तराजूकडे बघत म्हणाले.

"कुणाला?"

"मलाच गं. दुसऱ्या कुणाला?" मग जरा थांबून, "डिलिस, संध्याकाळचं सगळं खाते ना ती?"

"चाटूनपुसून."

"काही उरत नाही?"

"पीसही नाही उरत. तुम्ही तुमच्या खाण्याचं बघा. कोट बघा कसा लोंबतोय."

"कोट जुना आहे."

"आतला माणूस तरी कुठे नवा आहे?"

ते हसले. मला फार बरं वाटलं. शानी त्या दिवसांत उशीसारखी गोल झाली होती, पण तिच्याकडे कोण बघतंय?

शनिवारी सकाळी ढग खाली उतरलेले होते. खाण दिसत नव्हती. दुपारी वारा सुटला आणि कडा तेवढा उघडा पडला, ओला, काळा. पाहुणे सहाच होते. स्वानसीहून आलेलं एक जोडपं, आणि एक आजी आपल्या लेकीसुनांना घेऊन. ऑल्डरिज मागे छत्री घेऊन उभे.

तबेल्यात मी मेरेरिडचे पाय पाहिले. पायांत वाद्या नव्हत्या. एकही नाही.

"इडवल, वाद्या?"

"कुजल्या होत्या. कापल्या. उद्या नव्या घालू."

"आणि शेपटीचं यंत्र?" पक्षी हरवला तर शोधायला एक बारीक यंत्र आम्ही तिच्या शेपटीला बांधत असू.

"त्याचा सेल गेलाय."

 आता इडवल सगळंच विसरायला लागले, असं मला वाटलं. पण पाटीकडे बघून मी धीर धरला. आदल्या संध्याकाळी मी स्वतः तोललं होतं. पाटीवर दोन पौंड एक लिहिलं होतं, आणि बारा दिवसांत पहिल्यांदाच ते खरं होतं. काहीही होवो, ती परत येईल, हे मला ठाऊक होतं.

त्यांनाही ते ठाऊक होतं. काट्यावर त्यांनी पाहिलंच असेल. पण सोमवारी गाडी येणार होती, त्यांच्याजवळ दुसरा दिवस नव्हता. वाऱ्यावर आणि त्या कड्यातल्या नरावर त्यांनी भरवसा ठेवला असावा.

हिरवळीवर त्यांनी तिच्या डोळ्यांवरची टोपी काढली. तिने अंग फुलवून झाडलं, वाऱ्याकडे पाहिलं, आणि गेली. वर, वर, गोल घेत. ती खाणीवर गेली तेव्हा कड्यातून तो नर निघाला. आम्ही सगळे बघत राहिलो. दोन ठिपके एकमेकांभोवती फिरत होते, एक लहान, एक मोठा. मग दोघंही कड्याच्या पलीकडे गेले आणि आभाळ नुसतंच राहिलं.

"अगंबाई," ती आजी म्हणाली. "गेली की काय?"

"बोलवा ना तिला," स्वानसीचा माणूस म्हणाला.

इडवलचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. गळ्यात शिट्टी होती, तिला ते हात लावीनात. मला वाटलं, लाजेने गोठलेत. मी पिशवीतून आमिष काढायला हात घातला. दोरीला पिसं बांधून केलेलं असतं, ते फिरवलं की पक्षी येतो.

"ठेव ते," इडवल म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी अकरा वर्षांत बोलले नव्हते. मी ठेवलं.

दहा मिनिटं गेली असतील. पाहुणे पाय बदलायला लागले. इडवलच्या चेहऱ्यावर मात्र असं काही होतं, जे मी टेगवेन गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला त्याचा अर्थ कळला नाही. मी देवाची करुणा भाकत होते, की येऊ दे, एवढी एकदा येऊ दे.

आणि कापड फाटल्याचा आवाज झाला.

ती त्यांच्या टोपीवरून हातभर अंतराने गेली. वळली, पुन्हा आली. मूठ शोधत होती. इडवलनी हात खिशातून काढले नाहीत. तिसऱ्या फेरीला ती गवतावर उतरली, दहा पावलांवर, आणि चालत यायला लागली. बहिरी ससाण्याला चालताना बघू नये. आभाळातली राणी, आणि गवतात बदकासारखी डुलत, पंख अर्धवट सांडून, अंड्यातून निघालेल्या पिल्लासारखी खायला मागत येत होती. आली आणि त्यांच्या बुटावर चढून बसली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑल्डरिजनी छत्री काखेत धरून टाळ्या वाजवल्या. "हातही न हलवता! मिस्टर प्रॉसर, कमाल आहे तुमची!"

इडवल हळूच खाली बसले. बराच वेळ ते तिच्याकडे बघत तसेच बसून होते, म्हातारा माणूस गुडघ्यांमुळे उठायला वेळ लावतो तसे.

पाहुणे गेल्यावर तबेल्यात मी चहा केला. माझं मन अगदी भरून आलं होतं. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. आता त्यांची अब्रू वाचली आहे.

"इडवल, रागावू नका. एक सांगायचंय."

"सांग."

"ती जड झाली होती. तुमच्या नजरेतून सुटलं. मी तोललं, दोन पौंड तीन भरली. म्हणून संध्याकाळचा लावा मी कमी केला. तुम्हाला कळू दिलं नाही, वाईट वाटेल म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. "किती दिवस?"

"बारा."

बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. ते उठले, मेरेरिडजवळ गेले, आणि तिच्या छातीवर अंगठा फिरवला.

"वजन बरोबर होतं, पोरी," ते म्हणाले. "अगदी बरोबर होतं."

आणि चारच्या बसला निघून गेले. मी किती खूश होऊन घरी गेले ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी चॅपेलच्या फाटकाशी मायरिगने मला गाठलं.

"काय गं, ती बाई जाड झाली नाही का शेवटी? एवढे लावे नेले माझ्याकडून!"

"कोण बाई?"

मग त्याने सांगितलं. मी फाटकाचा गज धरला. लोक आतून बाहेर येत होते, आणि मला कुणी काय म्हणतंय ते ऐकू येत नव्हतं.

तशीच मी इडवलच्या घरी गेले. ते चुलीशी बसले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला माहीत असतं तर तुझंही नाव आलं असतं. चहाघर गेलं असतं तुझं."

"आग लागो चहाघराला! आज सोडू. किल्ली आहे माझ्याकडे. आत्ता चला."

त्यांनी मान हलवली. "भुकेली सोडली तर ती रानात जायची नाही, डिलिस. तू पाहिलंस ना काल? माणसाकडेच येईल. कुणाच्या तरी खुराड्यावर बसेल, आणि तो बंदूक काढेल. पोट भरलेलं असतं तर गेली असती."

"मग दहा दिवस थांबवू त्यांना."

"गाडी उद्या सकाळी आहे."

मी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि रडूही नको म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तू माझी अब्रू राखायला गेलीस. मी तुझी नोकरी. दोघांपैकी एक जरी वाईट असता तरी ती सुटली असती."

सोमवारी ते नव्या वाद्या घेऊन आले. रात्री बसून कापल्या असाव्यात. स्वतः घातल्या, टोपी चढवली, खोक्यात बसवली, दाराला हवेची भोकं आहेत ना ते पाहिलं. गाडीवाल्याला म्हणाले, "वळणांवर सावकाश घे. ती बोलत नाही, पण तिला कळतं." गाडी नदीच्या पुलावरून गेली, आणि ते तराजू पुसायला आत गेले.

त्यानंतर ते प्लासवर आले नाहीत. मी रविवारी त्यांच्याकडे जाई, पावाचा केक घेऊन. आम्ही मेंढ्यांबद्दल बोलायचो, चॅपेलच्या छपराबद्दल बोलायचो. मेरेरिडचं नाव निघत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटीच बसने दक्षिणेला गेले. बाग स्वच्छ होती, माणसं भली होती. हिरवळीवर ठोकळे ओळीने मांडलेले, आणि तिसऱ्या ठोकळ्यावर ती, शेजारी तिच्या वजनाची पाटी. मी फार वेळ उभी राहिले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या पलीकडे. एक मुलगी बादली घेऊन आली, तिला मी विचारलं, "ही उडते का?"

"नाही हो. शांत आहे अगदी. खाते मात्र छान."

परत आल्यावर मी थेट इडवलकडे गेले. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं.

"गेली होतीस?"

"हो."

"कशी आहे?"

"जाड झालीय," मी म्हटलं. "दोन पौंड सहा."

ते मनाशी हिशेब करत बसले. चुलीत निखारा खाली ढासळला.

"दोन सहा," ते म्हणाले. "दोन सहाला ती माझ्याकडे वळूनसुद्धा बघायची नाही."

"नाही," मी म्हटलं.

"आज जरी तिची वादी सोडली कुणी, तरी जाईल."

"जाईल."

"पण तिकडे कोण सोडणार?" असं म्हणून ते कोळसा घालायला उठले. डावी मूठ तशीच पुढे धरून उजव्या हाताने बादली उचलताना त्यांना दम लागला. मी पुढे झाले, तर म्हणाले, राहू दे, मला जमतंय.